विद्युत् उपचार आणि कंपन उपचार यांचा इतिहास

विद्युत् उपचार व कंपन उपचार या शरीरात विद्युत् प्रवाह सोडून किंवा शरीराला यांत्रिक कंपने देऊन रोग बरा करण्याच्या पद्धती होत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्या युरोप व अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रचलित होत्या. पक्षाघात, संधिवात, डोकेदुखी, निद्रानाश, कंपवात, मज्जातंतूंची दुर्बलता अशा परस्परांशी संबंध नसलेल्या विकारांवर त्यांचा वापर झाला. त्यांचा पुरस्कार करणाऱ्यांत नामांकित शास्त्रज्ञ, रुग्णालयांतील वैद्य, धर्मोपदेशक आणि निव्वळ भोंदू अशा सर्वांचा समावेश होता.

या उपचारांपैकी बहुतेकांचा गुण पुढे सिद्ध झाला नाही. तथापि त्यांच्या अभ्यासातून स्नायू व मज्जातंतूंच्या कार्याचे ज्ञान वाढले. पेसमेकर, डिफिब्रिलेटर यांसारखी आजची उपकरणे याच परंपरेतून विकसित झाली. रुग्णाला वाटलेला आराम उपचारामुळे आला की उपचारावरील विश्वासामुळे, हा प्रश्न वैद्यकात प्रथम ज्या प्रसंगी पद्धतशीरपणे तपासला गेला, त्यांतील काही महत्त्वाचे प्रसंग याच इतिहासातील आहेत.

## संज्ञा

विद्युत् उपचारांचे प्रकार विजेच्या उगमावरून ओळखले जात. घर्षणयंत्रातून मिळणाऱ्या स्थिर विजेचा वापर ही सर्वांत जुनी पद्धत होय. विद्युत् घटातून मिळणाऱ्या एकाच दिशेच्या प्रवाहाच्या वापरास लुइजी गॅल्व्हानी यांच्या नावावरून *गॅल्व्हनीकरण*, तर प्रवर्तन वेटोळ्यातून मिळणाऱ्या खंडित प्रवाहाच्या वापरास मायकेल फॅरडे यांच्या नावावरून *फॅरडीकरण* म्हटले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उच्च वारंवारतेच्या प्रवाहांची त्यात भर पडली. कंपन उपचारांत हाताने केलेले मर्दन, वाफेवर, किल्लीच्या यंत्रणेवर किंवा विजेवर चालणारी कंपनयंत्रे, हलणाऱ्या खुर्च्या व कंप पावणारी शिरस्त्राणे यांचा समावेश होतो.

## प्राचीन पार्श्वभूमी

विजेचे स्वरूप कळण्यापूर्वीच तिचा उपचारासाठी उपयोग झालेला दिसतो. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या *कॉम्पोझिटिओनेस* या औषधसंग्रहात टॉर्पेडो या विद्युत् माशाचा उल्लेख येतो. जुनाट डोकेदुखीसाठी जिवंत मासा दुखऱ्या जागी ठेवावा आणि गाऊटसाठी रुग्णाने समुद्रकाठच्या ओल्या जमिनीवर माशावर पाय ठेवून, गुडघ्यापर्यंत बधिरता येईपर्यंत उभे राहावे, असे त्यांनी सांगितले आहे. टॉर्पेडो हे नावच बधिर होणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले आहे. नाईल नदीतील विद्युत् माशाचे चित्रण प्राचीन इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर आढळते. या माशांचा धक्का आणि घर्षणातून निर्माण होणारी वीज यांचे नाते मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्पष्ट झाले.

## अठरावे शतक

### पहिले प्रयोग

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काचेचा गोळा फिरवून व घासून वीज निर्माण करणारी यंत्रे प्रचारात आली. जर्मनीतील हाले येथील प्राध्यापक योहान गोटलोब क्र्यूगर यांनी विजेचा वैद्यकात उपयोग होऊ शकेल, अशी कल्पना मांडली. त्यांचे विद्यार्थी क्रिस्टियान गोटलीब क्राट्झेनश्टाईन यांनी ती प्रत्यक्षात आणली. विजेमुळे नाडीचा वेग वाढतो आणि आखडलेली बोटे पुन्हा हलू लागतात, असे त्यांनी नोंदवले.

१७४५-४६ मध्ये पोमेरेनियातील एवाल्ड गेओर्ग फॉन क्लाइस्ट आणि लेडन येथील पीटर फान मुशेनब्रूक यांनी स्वतंत्रपणे लेडन बरणीचा शोध लावला. आत-बाहेर वाहकाचा थर असलेल्या या काचेच्या बरणीत विद्युत् भार साठवून तो एका क्षणात सोडता येत असे. त्यामुळे पूर्वीच्या बारीक ठिणगीच्या जागी जोरदार धक्का देणे शक्य झाले. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां-अँतोआन नोले यांनी राजा पंधरावा लुई याच्यासमोर १८० रक्षकांना एकमेकांचे हात धरायला लावून त्या सर्वांना एकाच वेळी धक्का बसतो, हे दाखवले.

जिनिव्हा येथील झां जालाबेर यांनी १७४८ मध्ये एका कुलपे बनवणाऱ्या कारागिराची हकिकत प्रसिद्ध केली. हातोडीच्या घावामुळे त्याचा उजवा हात अनेक वर्षे लुळा होता. रोज विजेचे धक्के दिल्यावर हातात हळूहळू हालचाल व बळ आले, असे जालाबेर यांनी लिहिले. धक्का देताच स्नायू रुग्णाच्या इच्छेविना आकुंचन पावतो, ही त्यांची नोंद पुढील संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

### नोले यांची पडताळणी

याच सुमारास व्हेनिस येथील जियानफ्रान्चेस्को पिवाती यांनी एक अद्भुत दावा केला. काचेच्या बंद नळीत औषध ठेवून नळी घासली, की औषधाचे गुण विजेबरोबर काचेतून बाहेर येऊन रुग्णाच्या शरीरात शिरतात, असे त्यांचे म्हणणे होते. इटलीतील इतर काहींनीही अशाच यशाच्या बातम्या दिल्या. पॅरिसमध्ये प्रयोग करूनही नोले यांना तसे काही आढळले नाही, म्हणून १७४९ मध्ये ते स्वतः इटलीला गेले. त्यांच्यासमोर हे प्रयोग यशस्वी करून दाखवणे कोणालाही जमले नाही. बऱ्या झालेल्या म्हणून सांगितलेल्या रुग्णांची चौकशी केली असता, काहींना गुण आलाच नव्हता, तर काहींना आलेला गुण टिकला नव्हता. जालाबेर यांच्या पद्धतीनेही नोले यांनी पॅरिसच्या लष्करी आश्रमातील पक्षाघातग्रस्त सैनिकांवर उपचार केले. त्यातून टिकाऊ सुधारणा झाली नाही.

### फ्रँकलिन यांचा अनुभव

बेंजामिन फ्रँकलिन यांची विद्युत् संशोधक म्हणून कीर्ती पसरल्यावर पेन्सिल्व्हेनिया व आसपासच्या वसाहतींतून पक्षाघाताचे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले. जॉन प्रिंगल यांना १७५७ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला अनुभव सांगितला आहे. मोठ्या लेडन बरण्यांतून लुळ्या हातापायांना दिवसातून तीन वेळा धक्के दिले जात. प्रारंभी त्या अवयवांत ऊब व टोचल्यासारखी संवेदना येई, थोडी हालचालही वाढे. मात्र पाचव्या दिवसानंतर प्रगती थांबे. निराश झालेले रुग्ण घरी परतत आणि काही काळाने पूर्वस्थितीला येत. आपण कोणाचाही पक्षाघात कायमचा बरा झालेला पाहिला नाही, असे फ्रँकलिन यांनी प्रांजळपणे नमूद केले. तात्पुरत्या सुधारणेत प्रवासाच्या व्यायामाचा आणि बरे होण्याच्या आशेचा वाटा किती असेल, ही शंकाही त्यांनी उपस्थित केली. त्याच वेळी, कुशल वैद्याच्या देखरेखीखाली अधिक काळ सौम्य धक्के दिल्यास फायदा होऊ शकेल, ही शक्यता त्यांनी नाकारली नाही.

### धर्मोपदेशक व प्रदर्शनकार

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांना गरिबांना परवडेल असा उपाय म्हणून विजेचे आकर्षण वाटले. औषधांच्या किमती व वैद्यांची फी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असताना एक यंत्र शेकडो लोकांच्या उपयोगी पडू शकत होते. त्यांनी लंडनमध्ये यंत्रे बसवून मोफत उपचार सुरू केले आणि १७६० मध्ये *द डेसिडरेटम* हे सोप्या भाषेतील पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे रुग्णालयांनीही ही पद्धत स्वीकारली. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाने १७६७ मध्ये विद्युत् यंत्र घेतले.

याच्या अगदी उलट उदाहरण जेम्स ग्रॅहॅम यांचे आहे. त्यांनी १७८० मध्ये लंडनमध्ये ‘आरोग्यमंदिर’ उघडले. संगीत, सुगंध, दिव्यांची आरास आणि विद्युत् यंत्रे यांनी सजवलेल्या या वास्तूत शुल्क भरून प्रवेश मिळे. अपत्यप्राप्तीची हमी देणारा त्यांचा ‘दिव्य पलंग’ शहरभर चर्चेचा विषय झाला. काही वर्षांतच ते कर्जबाजारी झाले व त्यांना सामान विकावे लागले.

## गॅल्व्हानी, व्होल्टा आणि आल्दिनी

बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर अनेक वर्षे प्रयोग करून १७९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन वेगवेगळ्या धातूंनी मज्जातंतू व स्नायू जोडताच मेलेल्या बेडकाचा पाय झटका घेतो, हे त्यांना दिसले. प्राण्यांच्या शरीरात स्वतःची वीज असते, असे अनुमान त्यांनी काढले. आलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या मते ही वीज दोन धातूंच्या संपर्कातून येत होती. या वादातून व्होल्टा यांनी जस्त व चांदीच्या चकत्यांमध्ये खारट पाण्याने भिजवलेले तुकडे रचून १८०० मध्ये पहिला विद्युत् घट तयार केला. अखंड प्रवाह मिळण्याची सोय त्यामुळे झाली. पुढील काळाने दोघांनाही अंशतः बरोबर ठरवले: त्या प्रयोगातील धातूंपासून वीज निर्माण होत होती हे खरे, पण सजीवांचे मज्जातंतूही विद्युत् क्रियेनेच संदेश वाहतात.

गॅल्व्हानी यांचे भाचे जिओव्हानी आल्दिनी यांनी जानेवारी १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या मृतदेहात प्रवाह सोडला. जबडा थरथरला, एक डोळा उघडला आणि हात वर उचलला गेला. मेरी शेली यांच्या *फ्रँकेन्स्टाईन* या १८१८ मधील कादंबरीच्या पार्श्वभूमीला अशा प्रयोगांची चर्चा होती. आल्दिनी यांनी विषण्णतेच्या रुग्णांच्या डोक्याला सौम्य प्रवाह देऊनही पाहिला. तत्पूर्वी त्यांनी तो स्वतःवर आजमावला होता.

## श्रद्धेची परीक्षा: पर्किन्स यांच्या धातुकांड्या

अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील वैद्य एलिशा पर्किन्स यांनी १७९६ मध्ये बोटभर लांबीच्या दोन टोकदार धातुकांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या भागावरून त्या फिरवल्या की अपायकारक विद्युत् द्रव खेचला जातो आणि वेदना थांबतात, असा त्यांचा दावा होता. गॅल्व्हानी यांच्या शोधाची कीर्ती ताजी असल्याने लोकांना तो पटला. कनेटिकटच्या वैद्यक संस्थेने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. तरीही कांड्यांची विक्री वाढत गेली आणि त्यांच्या मुलाने ती इंग्लंडमध्येही सुरू केली.

इंग्लिश वैद्य जॉन हेगार्थ यांनी जानेवारी १७९९ मध्ये बाथ येथील रुग्णालयात एक साधी चाचणी घेतली. त्यांनी लाकडाच्या कांड्या करवून त्यांना धातूसारखा रंग दिला आणि जुनाट संधिवाताच्या पाच रुग्णांवर त्या फिरवल्या. रुग्णांना या बदलाची कल्पना दिलेली नव्हती. पाचांपैकी चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्यावरही निष्कर्ष तसाच निघाला. हेगार्थ यांनी १८०० मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रुग्ण खोटे बोलत होते, असे त्यांनी म्हटले नाही. कल्पनेचा शरीरावर होणारा परिणाम खरा असतो आणि नामांकित वैद्याच्या हातून मिळालेला उपचार त्यामुळेच अधिक लागू पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १७८४ मध्ये फ्रान्ट्स मेस्मर यांच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करणाऱ्या फ्रेंच समितीनेही अशीच पद्धत वापरली होती. फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए हे त्या समितीत होते. आजच्या प्लासीबो-तुलनेच्या चाचण्यांचे मूळ या दोन प्रसंगांत मानले जाते.

## एकोणिसावे शतक

### रुग्णालयांतील विद्युत् कक्ष

लंडनच्या गाइज रुग्णालयात १८३६ मध्ये स्वतंत्र विद्युत् कक्ष सुरू झाला. त्याची सूत्रे तरुण वैद्य गोल्डिंग बर्ड यांच्याकडे आली. कोणत्या विकारात उपयोग झाला आणि कोणत्यात झाला नाही, याच्या नोंदी त्यांनी प्रसिद्ध केल्या. फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावल्यानंतर लहान, हलवता येण्याजोगी प्रवर्तन यंत्रे बनू लागली. त्यामुळे उपचार रुग्णाच्या खाटेपर्यंत नेता आले.

### ड्यूशेन यांचे कार्य

या काळातील सर्वांत मोलाचे काम फ्रेंच वैद्य ग्वीयोम ड्यूशेन यांनी केले. बुलोन्य या बंदराच्या गावातून पॅरिसला आलेल्या ड्यूशेन यांच्याकडे कोणतेही मोठे पद नव्हते. आपले यंत्र घेऊन ते रुग्णालयांतून फिरत. पूर्वी प्रवाह देण्यासाठी त्वचेत सुया टोचल्या जात; ड्यूशेन यांनी ओलसर विद्युत् अग्रे त्वचेवर ठेवून नेमका एकच स्नायू आकुंचित करण्याची रीत शोधली. तिचे विवेचन त्यांच्या १८५५ मधील ग्रंथात आहे.

या पद्धतीचा खरा लाभ निदानात झाला. लुळ्या पडलेल्या स्नायूला विजेने प्रतिसाद देता येतो की नाही, यावरून दोष मेंदूत आहे की मज्जातंतूत वा स्नायूत, याचा अंदाज करता येऊ लागला. मुलग्यांमध्ये आढळणाऱ्या एका गंभीर स्नायूविकाराला आजही ड्यूशेन यांचे नाव आहे. चेहऱ्यावरील भाव कोणत्या स्नायूंमुळे उमटतात, हे त्यांनी विजेच्या साहाय्याने दाखवले आणि त्याची छायाचित्रे १८६२ मध्ये प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विन यांनी भावाभिव्यक्तीवरील १८७२ च्या ग्रंथात त्यांपैकी काहींचा उपयोग केला.

### मज्जादौर्बल्य आणि ‘रिकामा झालेला घट’

अमेरिकन वैद्य जॉर्ज मिलर बेअर्ड यांनी १८६९ मध्ये थकवा, निद्रानाश, चिंता, डोकेदुखी इत्यादी लक्षणांना *न्यूरस्थेनिया* अर्थात मज्जादौर्बल्य या नावाखाली एकत्र आणले. तारायंत्र, रेल्वे व धावपळीचे जीवन यांमुळे माणसाच्या मज्जासंस्थेतील शक्ती खर्च होते, असे त्यांचे मत होते. शरीर जर घटासारखे रिकामे होत असेल, तर ते विजेने पुन्हा भरता येईल, हा विचार ओघानेच आला. अल्फान्सो रॉकवेल यांच्यासह बेअर्ड यांनी १८७१ मध्ये लिहिलेला ग्रंथ या क्षेत्रात प्रमाण मानला गेला. जर्मनीत विल्हेल्म एर्ब यांच्या १८८२ मधील ग्रंथाला तेच स्थान मिळाले.

सर्वच वैद्यांची खात्री पटली नव्हती. जर्मन वैद्य पाउल म्योबियस यांनी विद्युत् उपचारांचे बहुतेक यश सूचनेमुळे मिळते, असे मत मांडले. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८८६ मध्ये व्हिएन्नात व्यवसाय सुरू केला, तेव्हा एर्ब यांच्या पद्धतीचाच आधार घेतला होता. अनुभवाअंती त्यांनी ती सोडून दिली आणि हा भ्रमनिरास आपल्या आत्मपर लेखनात नमूद केला.

### विद्युत् पट्टे

घटांची लहान साखळी किंवा धातूचे तुकडे शिवलेले पट्टे अंगावर घालण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाढली. आयझॅक पुल्व्हरमाखर यांची साखळी व्हिनेगारमध्ये बुडवून वापरली जाई आणि तिच्यातून थोडाफार प्रवाह खरोखरच वाहत असे. गुस्ताव्ह फ्लोबेर यांच्या *मादाम बोव्हारी* या कादंबरीतील औषधविक्रेता हीच साखळी वापरताना दाखवला आहे. पुढे आलेल्या अनेक पट्ट्यांतून मात्र जाणवण्याजोगा प्रवाह निघतच नसे. पुरुषांच्या ‘हरवलेल्या शक्ती’च्या जाहिराती हा या व्यापाराचा मोठा आधार होता, संकोचामुळे फसलेले ग्राहक सहसा तक्रार करत नसत. लंडनमध्ये ‘इलेक्ट्रोपॅथिक’ पट्टे विकणारी कॉर्नेलियस हार्नेस यांची मेडिकल बॅटरी कंपनी वृत्तपत्रांतील टीका व खटले यांमुळे १८९० च्या दशकात बंद पडली.

### उच्च वारंवारतेचे प्रवाह

फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९० च्या सुमारास दाखवले, की प्रवाहाची वारंवारता पुरेशी वाढवली तर स्नायूंना झटका बसत नाही, केवळ ऊब जाणवते. या निरीक्षणातून शरीराच्या आतील भागाला उष्णता देणारी डायथर्मी पद्धत विकसित झाली. शस्त्रक्रियेत कापतानाच रक्तस्राव रोखणारे विद्युत् उपकरणही याच तत्त्वावर चालते. विल्यम बोव्ही यांनी बनवलेले असे उपकरण हार्वे कुशिंग यांनी १९२६ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले.

## कंपन उपचार

### आरंभ

गाडीच्या हादऱ्यांमुळे प्रकृती सुधारते, हा समज युरोपात जुना होता. फ्रान्समधील आबे द सँ-पिएर यांनी अठराव्या शतकात घरबसल्या टपालगाडीच्या प्रवासासारखे हादरे देणारी खुर्ची सुचवली. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामसंस्था स्थापून मर्दन व हालचालींचे शास्त्र रचले. त्याच परंपरेतील गुस्ताफ झांडर यांनी १८६५ मध्ये यंत्रांनी व्यायाम व कंपन देणारी संस्था सुरू केली. तिच्या शाखा अनेक देशांत निघाल्या. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेतील विजेवर चालणारे घोडा व उंट ही याच प्रकारची साधने होती. अमेरिकेत जॉर्ज टेलर यांनी वाफेवर चालणारी मर्दनयंत्रे बनवली, तर बॅटल क्रीक येथील जॉन हार्वे केलॉग यांच्या आरोग्यधामात कंपनखुर्च्या, प्रकाशस्नान व विद्युत् स्नान यांची रेलचेल होती.

### शार्को यांची खुर्ची

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील थोर मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तें शार्को यांना कंपवाताच्या रुग्णांकडून एक गोष्ट वारंवार ऐकायला मिळे: रेल्वेच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर त्यांना बरे वाटे. त्यावरून शार्को यांनी विजेवर थरथरणारी खुर्ची तयार करवली आणि १८९२ मध्ये तिच्याविषयी व्याख्यान दिले. रुग्णांना हलके वाटते व झोप चांगली लागते, असे त्यांनी सांगितले. कंप मात्र कमी होत नसे. त्यांचे शिष्य झिल द ला तुरेत यांनी डोक्यासाठी कंपन-शिरस्त्राण बनवले. १८९३ मध्ये शार्को यांचे निधन झाल्याने हे काम अपुरे राहिले.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ही कल्पना पुन्हा तपासली गेली. काही रुग्णांना कंपनखुर्चीत बसवले, तर इतरांना तशाच खुर्चीत कंपनाविना शांत संगीत ऐकवले. महिन्याभराच्या उपचारानंतर दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. शार्को यांचे निरीक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही. कंपन हे सुधारणेचे कारण असल्याचा पुरावा तेवढा मिळत नाही.

### ग्रॅनव्हिल यांचे यंत्र आणि एक प्रचलित गैरसमज

लंडनचे वैद्य जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी १८८० च्या सुमारास ‘पर्क्यूटर’ नावाचे हातात धरण्याचे कंपनयंत्र तयार केले. मज्जातंतूंची स्वतःची लय असते आणि वेदना म्हणजे त्या लयीतील बिघाड, असे ते मानत. बाहेरून योग्य कंपन देऊन ती लय पूर्ववत करता येईल, हा विचार त्यांनी १८८३ मधील आपल्या पुस्तकात मांडला.

व्हिक्टोरियन काळातील वैद्य स्त्रियांच्या ‘उन्मादा’वर म्हणजे हिस्टेरियावर लैंगिक उत्तेजनाद्वारे उपचार करीत आणि ते श्रम वाचवण्यासाठी हे यंत्र निघाले, असे आज अनेक ठिकाणी सांगितले जाते. या समजाचा उगम रेचल मेन्स यांच्या १९९९ मधील पुस्तकात आहे. एक नाटक व २०११ मधील *हिस्टेरिया* या चित्रपटामुळे तो सर्वत्र पसरला. हॅली लिबरमन व एरिक शॅट्झबर्ग यांनी २०१८ मध्ये मेन्स यांनी दिलेले मूळ आधार तपासले, तेव्हा अशा प्रथेला पुष्टी देणारा एकही आधार त्यांना आढळला नाही. प्राचीन वैद्यकाच्या अभ्यासक हेलन किंग यांनीही तत्पूर्वी मेन्स यांच्या ग्रीक व लॅटिन संदर्भांच्या वाचनावर आक्षेप घेतले होते. आपण स्त्रियांवर या यंत्राने उपचार करण्याचे टाळतो, असे खुद्द ग्रॅनव्हिल यांनीच लिहून ठेवले आहे. मेन्स यांनी आपले म्हणणे गृहीतक म्हणून मांडले असल्याचे पुढे सांगितले.

### कंपनाची दुसरी बाजू

विसाव्या शतकाच्या आरंभी घराघरांत वीज पोहोचू लागल्यावर कंपनयंत्रे घरगुती वस्तू म्हणून विकली जाऊ लागली. टक्कल, बद्धकोष्ठ, बहिरेपणा व सुरकुत्या या सर्वांवर ती गुणकारी असल्याचे जाहिरातींत म्हटले जाई. त्याच काळात कारखाने व खाणींतील कामगारांना कंपनाचा निराळाच अनुभव येत होता. अमेरिकन वैद्य अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांची तपासणी केली. थंडीत त्यांची बोटे पांढरी व बधिर पडत. सततच्या कंपनामुळे रक्तवाहिन्या व मज्जातंतूंना होणारी ही इजा आज व्यावसायिक आजार म्हणून ओळखली जाते.

## पहिले महायुद्ध

पहिल्या महायुद्धात बाह्य जखम नसताना थरथर, मूकपणा, लुळेपणा अशी लक्षणे दिसणारे सैनिक मोठ्या संख्येने रुग्णालयांत येऊ लागले. जर्मन वैद्य फ्रिट्झ कॉफमन यांनी १९१६ मध्ये तीव्र व वेदनादायक प्रवाह देत सैनिकाला लष्करी आज्ञा सोडण्याची पद्धत सुरू केली. लंडनमध्ये लुईस यीलंड यांनीही विजेचा असाच वापर केला व १९१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. काही सैनिक बोलू-चालू लागले, परंतु अनेकांची लक्षणे परतली आणि जर्मनीत या उपचारादरम्यान मृत्यूही झाले.

युद्ध संपल्यावर व्हिएन्नातील प्राध्यापक युलियुस वाग्नर-याउरेग यांच्याविरुद्ध सैनिकांच्या छळाच्या आरोपांची १९२० मध्ये चौकशी झाली. तज्ज्ञ म्हणून मत देताना फ्रॉइड यांनी वाग्नर-याउरेग यांच्या हेतूंविषयी संशय व्यक्त केला नाही. मात्र आजारपण हे आघाडीवरील सेवेपेक्षाही असह्य करणे, हेच या पद्धतीचे तत्त्व होते आणि वैद्य रुग्णाऐवजी युद्धाची सेवा करू लागला, याकडे त्यांनी लक्ष वेधले. वाग्नर-याउरेग निर्दोष ठरले. रुग्णाची संमती आणि वैद्याची निष्ठा यांविषयीच्या चर्चेत या प्रकरणाचा आजही उल्लेख होतो.

## ऱ्हास आणि नियमन

सॅन फ्रान्सिस्को येथील अल्बर्ट आब्राम्स यांनी प्रत्येक रोगाचे विशिष्ट कंपन असते आणि रक्ताच्या एका थेंबावरून ते ओळखता येते, असा दावा केला. त्यांची बंद पेटीतील यंत्रे भाड्याने दिली जात. पेटी उघडण्यास मनाई असे. कोंबड्याचे रक्त पाठवले असताही माणसाच्या रोगांचे निदान लिहून आल्याचे उघड झाले. *सायंटिफिक अमेरिकन* या मासिकाने १९२३-२४ मध्ये केलेल्या चौकशीत हा दावा निराधार ठरला. आब्राम्स यांचे जानेवारी १९२४ मध्ये निधन झाले.

वैद्यकीय शिक्षणातील सुधारणा, जंतुशास्त्राची प्रगती, परिणामकारक औषधांचा शोध आणि मनोविकारांकडे पाहण्याची बदललेली दृष्टी यांमुळे जुने विद्युत् उपचार मागे पडले. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने वैद्यकीय उपकरणे शासकीय नियंत्रणाखाली आली. भारतात औषधे आणि जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ लागू आहे. शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेल्या वस्तूंचाही त्यातील औषधाच्या व्याख्येत समावेश होतो. त्यामुळे कायद्यात नमूद केलेल्या रोगांवर रामबाण म्हणून अशा वस्तूंची जाहिरात करणे गुन्हा ठरते.

## आधुनिक वैद्यकातील वारसा

- हृदयविकार: विजेच्या झटक्याने हृदयाची अनियंत्रित थरथर थांबवता येते, हे प्रेव्होस्त व बातेल्ली यांनी १८९९ मध्ये प्राण्यांवर दाखवले. क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान या पद्धतीने एका मुलाचे प्राण वाचवले. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये वापरला गेला.
- मनोविकार: उगो चेर्लेत्ती व लुचो बिनी यांनी १९३८ मध्ये रोम येथे विद्युत् आचके उपचार सुरू केले. तीव्र नैराश्यात ते आजही परिणामकारक मानले जातात. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता ते करण्यास भारताच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये बंदी आहे.
- वेदनाशमन: रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेविषयीचा ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्त मांडला. त्यातून त्वचेवरून मज्जातंतू उद्दीपित करणाऱ्या, भौतिकोपचार केंद्रांत नेहमी दिसणाऱ्या उपकरणांना सैद्धान्तिक आधार मिळाला.
- मज्जाविकार व श्रवण: आंद्रे जुर्नो व शार्ल एरिएस यांनी १९५७ मध्ये श्रवणतंतूला विजेने उद्दीपित केले, त्यातून कॉक्लिअर इम्प्लांटची वाट खुली झाली. आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून कंपवातासारख्या विकारांत मेंदूच्या खोल भागाचे उद्दीपन सुरू केले.

## मूल्यमापन

प्रारंभीच्या विद्युत् व कंपन उपचारांकडे केवळ फसवणूक म्हणून पाहणे इतिहासकारांना मान्य नाही. वापरणाऱ्यांपैकी अनेक जण प्रामाणिक होते. पक्षाघातासारख्या विकारांवर त्या काळी दुसरा प्रभावी उपायही नव्हता. सुरुवातीचा आराम, रोगाचे आपोआप होणारे चढउतार, वैद्याने दिलेला वेळ आणि यंत्राविषयीचे कुतूहल यांमुळे वैद्य व रुग्ण दोघांचीही खात्री पटत असे. नोले, फ्रँकलिन व हेगार्थ यांनी हीच खात्री तपासून पाहिली. हृदयाचा ठोका, स्नायूचे आकुंचन, मज्जातंतूचा संदेश अशा ज्या ठिकाणी विजेचे नेमके कार्य समजले, तेथे तिचा उपचार टिकून राहिला. जेथे वीज किंवा कंपन ही ‘जीवनशक्ती’ची केवळ उपमा होती, तेथे तो काळाच्या ओघात मागे पडला. तरीही चुंबकीय गाद्या, ऊर्जाकडी, कंपनपट्टे अशा वस्तूंच्या रूपाने ती उपमा बाजारात अजून वावरताना दिसते.

## हे सुद्धा पहा

- लुइजी गॅल्व्हानी
- लेडन बरणी
- प्लासीबो
- भौतिकोपचार
- पेसमेकर
- कंपवात